चार वह्या, चार साचे

अकरावीच्या फॉर्मवर एक छोटा चौकोन होता. त्यात ए, बी किंवा एबी लिहायचं. ए म्हणजे गणित, बी म्हणजे बायॉलॉजी आणि एबी म्हणजे दोन्ही. फिजिक्स-केमिस्ट्री सगळ्यांनाच होतं. मी घरून ए लिहायचं ठरवून आले होते. गणित मला मनापासून आवडायचं. लालबागच्या आमच्या मराठी शाळेत मी गणितात कायम पहिली, आणि बेडूक कापायची मला काडीची हौस नव्हती. दादरच्या त्या कॉलेजच्या खिडकीशी बाबा माझ्या मागे उभे होते, गिरणीत जायचा तोच पांढरा शर्ट घालून. संप सुरू होऊन सहा महिने होत आले होते, पण बाहेर पडायचं म्हटलं की शर्ट तोच.

बाबांनी क्लार्कला विचारलं, जास्त कशात आहे? क्लार्क म्हणाला, एबीत. डॉक्टरही होता येतं आणि इंजिनियरही. पण मुलगी मराठी मीडियमची, इथे सगळं इंग्लिशमधून, झेपेल का याचा विचार करा. झालं! बाबांना कुणी विचार करा म्हटलं की त्यांचा विचार तिथेच संपायचा. त्यांनी माझ्या हातातलं पेन घेतलं आणि चौकोनात स्वतःच्या हाताने एबी लिहिलं. इंग्रजीतली तेवढी अक्षरं त्यांना चांगली येत होती.

परत चालत येताना मी कुरकुरले की मला एकच हवं होतं. बाबा रस्त्यातच थांबले.

"दोनच साचे द्या म्हणणाऱ्याला दुसऱ्या दिवशी गेटच्या आत घेत नाय गो," ते म्हणाले. "देतील तेवढं घ्यायचं."

साचा म्हणजे माग. बाबा परळच्या एका गिरणीत साचेवाले होते. आधी त्यांच्याकडे दोन साचे असायचे, मग एके दिवशी साहेबाने चार दिले. ज्यांनी नको म्हटलं त्यांच्या जागी बदली कामगार उभे राहिले, आणि ज्यांनी मुकाट्याने घेतले ते टिकले. बाबा टिकले. एवढ्या वर्षांच्या नोकरीतून त्यांनी काढलेलं सार हे एवढंच, आणि ते आता माझ्या डोक्यावर बसलं होतं.

घरात तेव्हा बोलायची सोय नव्हती. आई दहा-बारा गिरणीवाल्यांची खानावळ चालवायची. ती सगळी माणसं संप लांबला तशी एकेक करून कोकणात गावी गेली, आणि आमची मोठी पातेली पालथी पडली. मग आई पहाटे उठून वरळी कोळीवाड्यात कोलंबी सोलायला जायला लागली. दुपारी यायची तेव्हा तिची बोटं फुगलेली असायची आणि नखांच्या कडा सोललेल्या. बाबा सकाळी पहिल्या पाळीच्या वेळेला दाढी करून, डबा घेऊन गिरणीच्या गेटवर जायचे. गेट बंद. तरी ते आणि त्यांच्यासारखे पंधरा-वीसजण समोरच्या फुटपाथवर बसून राहायचे आणि डबा खाऊन दुपारी परतायचे. सगळ्या घराची नजर आता माझ्यावर होती. मी शिकले तर घर वर येणार होतं. असं कुणी म्हणालं नव्हतं, पण मला ते जेवताना घासाघासाला कळायचं.

कॉलेजात माझी दाणादाण उडाली. गणिताचे सर फळ्याकडे तोंड करून इंग्रजीत इतकं भरभर बोलायचे की मी अजून वाक्याच्या अर्ध्यात असायची आणि त्यांनी फळा पुसलेला असायचा. बायॉलॉजीचं जर्नल, आकृत्या, प्रॅक्टिकल, केमिस्ट्रीचं वेगळं, फिजिक्सचं वेगळं. वर्गातल्या बाकीच्या मुली क्लासला जायच्या. मला क्लास कुठला? माझा क्लास बाबांनी घरीच काढला.

त्यांनी चटईवर चार वह्या ओळीने उघड्या मांडल्या. फिजिक्स, केमिस्ट्री, बायो, मॅथ्स. समोर गजराचं घड्याळ. दर पंधरा मिनिटांनी ते जमिनीवर बोटाने टकटक करायचे आणि मी पुढच्या वहीवर सरकायचं. चार फिरून झाल्या की पुन्हा पहिलीपासून. चार साचे सांभाळायचे असतील तर एकापाशी उभं राहून भागत नाही, असं ते समजावायचे. फिरत राहायचं, जिथे धागा तुटेल तिथे जोडायचा आणि लगेच पुढे. एकही साचा बंद पडता कामा नये. दुपारी तीनपासून दिवेलागणीपर्यंत रोज हे चालायचं, आणि बाबा भिंतीला टेकून माझ्यावर नजर ठेवून बसायचे. खरं सांगते, संप सुरू झाल्यापासून मी त्यांना इतकं खूश पाहिलं नव्हतं. त्यांना काम मिळालं होतं.

पण गणित काही पंधरा मिनिटांत होत नाही. बायो घोकता येतं, कुठेही सोडलं तरी पुन्हा तिथून उचलता येतं. गणित डोक्यात चढायलाच वीस मिनिटं लागतात, आणि ते चढतंय न चढतंय तोवर जमिनीवर टकटक व्हायची. अर्धवट सोडलेली गणितं माझ्या डोक्यात साचत गेली. जो विषय माझा होता, ज्याच्यासाठी मी ए लिहिणार होते, तोच आधी बुडाला. सहामाहीत मला गणितात शंभरपैकी चौदा मार्क पडले. बाकीचे तीन कसेबसे काठावर. पेपर हातात आला तेव्हा मी कॉलेजच्या जिन्यात बसले आणि मला उठताच येईना. रडूही येईना. वाटलं, इथूनच कुठेतरी निघून जावं, घरी जाऊच नये.

सरांनी सांगितलं की दिवाळीच्या सुट्टीआधी एक विषय सोडता येईल, पालकाची सही आण. सोडलं नाहीस तर चारही जातील. मी तो कागद दोन दिवस बायोच्या जर्नलमध्ये घालून फिरवला. तिसऱ्या दिवशी बाबांना नुसतं म्हणून बघितलं, चार जड जातायत. ते हसले. म्हणाले, पहिल्या महिन्यात सगळ्यांनाच जड जातात, नंतर हात बसतो. मग त्यांनी घड्याळाला चावी दिली. पुढे बोलायची माझी हिंमत झाली नाही.

सही आईने केली. दुपारी ती मोरीत हात धूत होती, तिथेच मी तिला कागद दाखवला आणि गणित सोडायचा आहे ते सांगितलं. आईला आपलं नाव तेवढं लिहिता यायचं. सुजलेल्या बोटांत पेन धरवत नव्हतं, ते दोनदा निसटलं. सही करून ती म्हणाली, "त्यांना नको सांगू. त्यांच्याकडे दुसरं काय नाय आता."

मग त्या दिवसापासून मी जे केलं त्याची मला आजही लाज वाटते. गणित सोडलेलं होतं, पण चौथी वही चटईवर तशीच मांडली जायची. टकटक झाली की मी तिच्याकडे सरकायची आणि पुस्तकातली सोडवलेली उदाहरणं पंधरा मिनिटं उतरवून काढायची. अर्थ नाही, हेतू नाही, नुसती अक्षरं. वही भरली की दुसरी. बाकीच्या तीन विषयांचा तेवढा वेळ त्यात जायचा, परीक्षा जवळ आली की जिवाचं पाणी व्हायचं, तरी मी ती वही मिटली नाही. अकरावी गेली, बारावी गेली. काही गिरण्यांचे भोंगे पुन्हा वाजायला लागले. बाबांची गिरणी उघडली नाही. बाबा रोज सकाळी गेटवर जात राहिले. तिथे बसणारे आधी दहा झाले, मग सहा, मग चार. आणि मी रोज दुपारी त्यांच्यासमोर बसून त्यांना फसवत राहिले.

बारावीचा निकाल लागला. मी पास झाले होते, पण इतक्या कमी मार्कांनी की मेडिकलचं नाव काढायची सोय नव्हती, आणि दुसरं, इंजिनियरिंगचं दार मी स्वतःच बंद केलेलं. मार्कलिस्ट घेऊन घरी आले आणि बाबांच्या हातात दिली. इंग्रजी वाचता आलं नाही तरी ओळी मोजता येतात, आणि बाबा आयुष्यभर मोजतच आले होते. त्यांनी कागद खिडकीशी नेला आणि वरून खालपर्यंत बोट फिरवलं. आई कोपऱ्यात उभी होती. मी म्हटलं, बाबा, मला तुम्हाला एक सांगायचंय.

त्यांनी मान हलवली. कपाटावरून गणिताची शेवटची वही काढली, दोन पानं उलटली आणि माझ्यापुढे ठेवली.

"खरं गणित करायचीस तेव्हा पेन्सिल चावायचीस," ते म्हणाले. "पहिल्या दिवाळीपासनं एकदा पण चावली नाहीस. कांडीवरचं सूत संपलं तरी साचा चालतो गो, पण कापड निघत नाय. आवाजावरनं कळतं ते."

मी विचारलं, मग बोलला का नाहीत? इतका वेळ मला का बसू दिलंत?

बाबांनी वही मिटली. मग म्हणाले, "मी नाय जात रोज गेटवर?"

आई पाठ फिरवून मोरीकडे गेली. मला हुंदका फुटला आणि बाबांनी फक्त माझ्या डोक्यावर हात ठेवला. मार्कलिस्ट त्यांनी घडी घालून त्यांच्या बंद पडलेल्या गिरणीच्या पासासोबत कागदपत्रांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या पाळीच्या वेळेला ते उठले, दाढी केली, पांढरा शर्ट घातला. आई कोळीवाड्यात गेलेली होती. मी चार चपात्या आणि बटाट्याची भाजी भरून डबा त्यांच्या हातात दिला आणि जिन्यापर्यंत सोडायला गेले.