सातव्या माळ्यावरचं बिऱ्हाड

चतुराबाईबद्दल कुणी आडवंतिडवं बोललं की माह्या तळपायाची आग मस्तकाला जाते. आमच्या हट्टा गावात अजून दोन-चार तोंडं अशी हायेत की नळावर हंडा भरता भरता म्हणतात, "हिनंच लेकरू घालवलं मुंबईत." अगं बायांनो, तुमी व्हता का तिथं? मी व्हते. मी मिराबाई, तिच्याच गल्लीतली, तिच्याच मागं-पुढं डोक्यावर घमेली वाहिलेली. म्हणून मीच सांगते. आन् सांगताना माही स्वतःची लाज झाकायची न्हाई, हे ठरवूनच बसले.

अठ्ठ्याण्णवची दिवाळी झाली आन् आमी निघालो. गुलाबसिंग मुकादमानं गावात येऊन सांगितलं, मुंबईत एकदम मधोमध, जुनी गिरणी पाडून बावीस माळ्यांचा टावर बांधून राहिले, माणसं पाहिजेत. चतुरा तवा बावीस-तेवीसची असंल. बोलायला कमी, हसायला जास्त. कडेवर साक्षी, दीड वर्साची. नवरा सोनाजी लोखंडाच्या कामातला. स्लॅब टाकायच्या आधी सळया आडव्या-उभ्या मांडून तारेनं बांधायच्या, हे त्याचं काम. तारेला दोन पीळ, शेवटी एक उलटा मुरका, झाली गाठ. इंजिनेर बुटानं सळई हलवून बघायचा, पण सोनाजीची गाठ कधी हलली न्हाई. त्या माणसाला सवयच पडली व्हती, पोत्याचं तोंड बांधू द्या की ट्रंकेची दोरी, दोन पीळ आन् उलटा मुरका. बाकीचे हसायचे त्याला.

राहायला आमी त्याच बिल्डिंगीत. जशी बिल्डिंग वर चढायची, तसं आमचं बिऱ्हाड बी वर. नव्याण्णवला सातव्या माळ्यावर व्हतो. भिंती न्हाईत, नुसती फरशी आन् खांब, वाऱ्याच्या बाजूनं ताडपत्री. तीन विटांची चूल. खांबातून बाहेर आलेल्या सळईला चतुरानं बुद्ध-बाबासाहेबांचा फोटो अडकवलेला. समिंदर दिसायचा तिथून. मी गेले की सिमेटच्या गोण्या झटकून म्हणायची, "या अक्का, बसा सोफ्यावर. काय घेता, चहा का सरबत?" आन् स्वतःच खो खो हसायची. मी म्हणायचे, "मॅडम, तुमच्या हालात पंखा न्हाई वाटतं?"

त्या माळ्याच्या मधोमध एक चौकोनी पोकळी सोडलेली व्हती, लिफ्टसाठी. वरपासून पार तळापोतर. तिच्यावर फळ्या टाकायचे, पण वरच्या माळ्यावर कमी पडल्या की फळ्या उचलून न्यायचे. कुणाला सांगावं? म्हणून सगळ्या बायका लेकरं बांधून कामाला जायच्या. लुगड्याची पट्टी फाडायची, एक टोक खांबाला, दुसरं लेकराच्या पायाला. हौस व्हती का कुणाला? साक्षी त्या खांबाभवती गोल गोल फिरायची. पट्टी गुंडाळून संपली की रडायची न्हाई, बराबर उलटी फिरून मोकळी व्हायची. एवढंसं लेकरू, पण अक्कल बघा.

चतुरा गाठ आवळून मारायची. दोनदा हिसका देऊन बघायची, मगच उठायची. त्यानं पोरीच्या घोट्यावर वळ उठला, पुढं कातडं सोलून निघालं. रात्री खोबऱ्याचं तेल लावायची आन् सकाळी पुन्हा बांधायची. बांधताना मान फिरवायची, मी पाहिलंय.

आता माहं सांगते. एका रविवारी आमी मिळून जेवत व्हतो. माही जीभ लई चुरूचुरू चालते, सगळ्या गावाला म्हाईत हाय. मी म्हणले, "काहून रे सोनाजी, पोरीला वासरावानी बांधून ठेवता? पाय तरी बघ तिचा." थट्टाच केली मी. पण तो जेवता जेवता थांबला. पोरीचा पाय मांडीवर घेतला, फुंकर घातली, आन् ताट तसंच सारून उठला. चतुरानं ते ताट झाकून ठेवलं. एवढं बोलायची काय गरज व्हती मला? माही जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चतुरा पोरीला बांधून वाळू भरायला खाली गेली. मी पाण्याची कळशी घेऊन येऊन राहिले, तर सोनाजी पोरीजवळ बसलेला. त्यानं चतुरानं मारलेली पायाची गाठ सोडली, आन् पट्टीचा फास मोठा करून पुन्हा बांधली. आपल्या सवयीनं, दोन पीळ, उलटा मुरका. गाठ पक्की, पण फास सैल. तीन बोटं आरामात जातील एवढा. पोरगी टाळ्या वाजवत व्हती. मला बघून तो वशाळला. "अक्का, चतुराला सांगू नका, वरडंल."

"न्हाई सांगत रे बाबा," म्हणले मी, आन् हसत पुढं गेले.

अकराच्या सुमाराला खालून आरोळी उठली. लेकरू पडलं, लेकरू पडलं. चतुरा तवा तिसऱ्या माळ्यावर घमेलं घेऊन व्हती. सगळे खाली पळाले आन् ती एकटी वर पळाली. मी मागून हाक मारली तर वरडली, "माही साक्षी बांधलेली हाय! ते दुसरं कुणाचं असंल!" चार माळे एका दमात चढली. मी धापा टाकत मागं गेले. मी पोचायच्या आत ती माह्याच अंगावरून खाली उतरली. पदर पोटाशी आवळून धरलेला.

खाली काय दिसलं ते मी कुणाला सांगितलं न्हाई, सांगणार बी न्हाई.

पोलीस आले. मुकादमानं तर आधीच सूर लावला, "बाई, नीट बांधायला काय झालं व्हतं?" फळी कुणी उचलली ते त्यानं इचारलं न्हाई. चतुरा म्हणली, "माही गाठ सुटली साहेब." जो इचारंल त्याला तेच. माही गाठ सुटली. सोनाजी चार पावलांवर उकिडवा बसलेला, मान गुडघ्यात. ती गाठ आपली व्हती, हे त्यानं सांगितलं न्हाई. आन् मी? मी बी गप्प. मला वाटलं, आपण बोललो तर हा माणूस मरंल, आन् आपली थट्टा बी निघंल. खरं सांगते, दुसरीच भीती जास्त व्हती.

टावर पुरा होईपोतर ते तिथंच राहिले, मी बी, आणिक तीन वर्सं. लेकीला मुंबईतच माती दिली, मग जावं कुठं? दोन हजार दोनला काम संपलं. निघायच्या दिवशी चतुरा रस्त्यापलीकडं उभी राहून बोटानं माळे मोजू लागली. सातव्यावर पिवळा दिवा, पडदा हलत व्हता. कुणीतरी राहायला आलं व्हतं. तिचा खांब आता कुणाच्या तरी गुळगुळीत भिंतीत गेलेला. ज्या गेटातून आमी चार वर्सं आत-बाहेर केलं, तिथला वॉचमन म्हणला, "चलो, आगे चलो." सोनाजीनं मान वर केली न्हाई.

गावात आल्यावर सासूनं बोलून घेतलं, भावकीनं बोलून घेतलं. चतुरानं सगळं मान खाली घालून ऐकलं. पुढं पोरगा झाला, भीमराज. सोनाजी शेतमजुरीला जायचा, पण लोखंडाच्या कामाला पुन्हा हात लावला न्हाई. घरची शेळी बी चतुराच बांधायची. दोन हजार आठला छातीच्या दुखण्यानं तो गेला.

पुण्यानुमोदनाचा इधी झाला, पावणे गेले, आन् मला घरात बसवंना. म्हणलं, आता तरी या बाईच्या उरावरचा धोंडा उतरवू. गेले. ती तांदूळ निवडत व्हती. मी एका दमात सगळं ओकले. थट्टा, सैल फास, सगळं. "तुही गाठ सुटली न्हाई गं चतुरा. ती त्याची व्हती."

तिनं सूप बाजूला ठेवलं. ट्रंक उघडली. तळातून लुगड्याची पट्टी काढली, मळलेली, विरलेली. एका टोकाला फास, तसाच बांधलेला. दोन पीळ, उलटा मुरका.

"वर गेले तवाच दिसलं," ती म्हणली. "नवऱ्याची गाठ वळखायला येत न्हाई का? खांबावरून सोडली आन् ओटीत घातली. ही पट्टी कुणी बघितली असती तर साक्षीच्या बापानं त्याच भोकात उडी घातली असती."

"मग नंतर तरी बोलायचं व्हतं त्याच्याजवळ."

"वाट बघितली, अक्का. नऊ वर्सं. आज सांगतील, उद्या सांगतील. सांगितलं असतं तर मी म्हणले असते, पोरीचा पाय दुखत व्हता, तुमी बापाचं काळीज दाखवलं, यात तुमचा गुन्हा काय? गळ्यात पडून एकदा रडलो तरी असतो. एका वाकळंत झोपलो आन् येगयेगळं रडलो."

मला रडू फुटलं. पाया पडायला वाकले तर तिनं हात धरला.

"आन् तुमाला बी म्हाईत व्हतं," ती हळूच म्हणली. "रोज येत व्हता तुमी माह्या घरी."

"व्हय," म्हणले मी.

ती पट्टी मांडीवर घेऊन लई येळ त्या फासात बोटं घालत बसली. मग माह्याकडं सरकली.

"आता तरी रडा माह्यासंगं, अक्का. तिला कडेवर घेतलेलं दुसरं कुणी उरलं न्हाई."