सतरा दिवस उरले होते

तुम्ही बाविसाव्या वर्षी केलेली सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट कुणी छापून तुमच्या दारावर चिकटवली, आणि तुमच्या आईला भेटायला जाताना आधी ती वाचून दाखवा म्हणाला, तर तुम्ही काय कराल?

रेनीटा हचिन्स रोज तेच करत होती. इंडियाना राज्यात, लेक मिशिगनच्या काठी, पोलाद गिरणीच्या गॅरी गावात तिची आई वर्लीन म्हाताऱ्यांसाठीच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहायची. थंडीत वर्लीनला झटका आला. डावा हात गेला, जीभ जड झाली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, सोबत माणूस राहणार असेल तर घरी राहा, नाहीतर शुश्रूषागृह. माणूस होतं ना, पोटची लेक होती! पण इमारतीच्या करारावर लेकीचं नाव नव्हतं, आणि पाहुण्याला वर्षाकाठी फक्त चौदा रात्री. खाली रजिस्टरमध्ये सही करायची, मॅनेजर मिस्टर डनलॅप त्या सह्या मोजायचा. चौदा रात्री फेब्रुवारीतच संपल्या.

रेनीटाने करारावर नाव घालायचा अर्ज केला. आठवड्याने डनलॅपने कागद पुढे सरकवला, दोन बोटांनी, ओला रुमाल सरकवावा तसा.

"हे तुमचंच ना? चोरी. फेलनी."

"२००७ सालचं आहे ते."

"साल मी बघत नाही. शब्द बघतो."

चोरी म्हणजे काय, तर बाळाच्या दुधाचे दोन डबे आणि लंगोटांचं एक पाकीट, शेजारच्या काउंटीतल्या, म्हणजे जिल्ह्यातल्या, मोठ्या दुकानातून. त्या काळी इंडियानात डबा उचला नाहीतर गाडी उचला, चोरी म्हणजे फेलनी, गंभीर गुन्हा. सरकारने दिलेला वकील तिच्याशी एकूण चार मिनिटं बोलला. त्यातलं एक मिनिट पेन शोधण्यात गेलं. "सही कर आणि घरी जा," म्हणाला. तिने सही केली. ती घरी गेली, पण सही काही घरी आली नाही. प्रत्येक नोकरीच्या, प्रत्येक खोलीच्या दारात ती तिच्याआधी जाऊन उभी राहायची.

एप्रिलच्या बावीस तारखेला, शनिवारी, चर्चच्या तळघरात फुकट वकिलांची बैठक भरली. घडीची टेबलं, कागदी कपात पातळ कॉफी, आणि खुर्च्यांवर अर्धं गाव. एकमेकांना ओळखत असूनही सगळे चुकून आल्यासारखे बसले होते.

"तू पण?" एका ओळखीच्या बस ड्रायव्हरने विचारलं.

"नाही, मी कॉफी प्यायला आलेय," रेनीटा म्हणाली. "गावात यापेक्षा घाण कॉफी मिळत नाही."

तिच्या वाट्याला आली डॅनिका रादिच. तिशीची, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, आजोबा त्याच गिरणीत भट्टीवर होते म्हणे. रेनीटाने तिच्यापुढे कागद टाकला.

"वकीलबाई, हे पुसून द्या. मागचं मी माझं मी पुसलं, पण हे जरा दांडगं आहे."

डॅनिकाचं पेन थांबलं. "मागचं म्हणजे कुठलं?"

"मारहाणीचं. घरमालकाच्या माणसाने माझं सामान फुटपाथवर फेकलं, मी त्याच्या थोबाडीत दिली. ते आपल्याच काउंटीत होतं. लायब्ररीतून फॉर्म आणला, भरला, जज्जने सही केली. म्हटलं आधी छोटं करून बघू, जमलं तर मोठं." ती हे अभिमानाने सांगत होती. का नाही सांगणार? वकिलाशिवाय केलं होतं.

"मिस रेनीटा, तो फॉर्म कोर्टात कधी दिलात?"

"गेल्या वर्षी. मे महिन्यात. नऊ तारखेला."

डॅनिकाने फोनवर कॅलेंडर उघडलं आणि दिवस मोजले.

"या राज्यात नोंद पुसायची संधी आयुष्यात एकदाच मिळते," ती म्हणाली. "काउंट्या कितीही असू देत. पहिला अर्ज दिला की ३६५ दिवस. तेवढ्यात बाकीचे सगळे अर्ज गेले पाहिजेत. नंतर दार बंद. कायमचं."

"असं कुठे लिहिलंय?"

"फॉर्मच्या सूचनांत. चौथ्या पानावर."

"लायब्ररीतल्या बाईने मला तीनच पानं छापून दिली!"

आजूबाजूच्या माना वळल्या.  रेनीटाने शिक्षा भोगली, दीड वर्ष दर महिन्याला नशेच्या तपासणीसाठी बाटलीत लघवी भरून दिली, सोळा वर्षं मान खाली घातली, आणि सुटकेचा रस्ता कुठे दडवून ठेवला होता, तर चौथ्या पानावर.

"किती उरले?"

"सतरा."

सोमवारी दोघी शेजारच्या काउंटीच्या कोर्टात गेल्या. खिडकीतल्या कारकून बाईने संगणकात पाहिलं, मग नखांकडे पाहिलं. दुकानदाराचा आणि राज्याचा असे रेनीटाच्या नावावर दोन खटले दिसत होते. अर्जावर लागणारा नेमका नंबर जुन्या फायलीत, फाइल गोदामात. "दहा ते पंधरा कामाचे दिवस."

"आमच्याकडे तेवढे नाहीत हो," डॅनिका म्हणाली.

"मग लवकर यायचं होतं."

रेनीटाचा हात काउंटरवर आपटणारच होता. डॅनिकाने तो मधेच धरला, घट्ट. "इथे नाही," ती दातांतून म्हणाली. "तुमची थोबाडीत महाग पडते. गाडीत चला, तिथे काय ते आपटा."

गाडीत रेनीटाने डॅशबोर्डवर दोनदा हात मारला. डॅनिका म्हणाली, "आजोबांची गाडी आहे. अजून सोसेल."

मग तिने विचारलं, शिक्षा संपल्याचा कागद मिळाला होता का? त्यावर खटल्याचा नंबर असतो. मिळाला होता. पण तो रेनीटाने त्याच दिवशी गटारात भिरकावला होता. दुपारी पाहुण्यांच्या वेळेत ती आईच्या उशाशी बसली आणि तिने सगळं सांगितलं. वर्लीन तोंड वाकडं करून बराच वेळ झगडली.

"का... काळी पर्स."

मयताला जाताना घ्यायची पर्स. आत हातमोजे, पेपरमिंट, आणि वाळून कडक झालेला, चिखलाचे डाग असलेला तो कागद.

"मम्मा, तू तो गटारातून काढलास?"

"तू... वेडी," वर्लीन म्हणाली.

अर्ज अकराव्या दिवशी गेला. पण अर्ज गेला म्हणजे नोंद गेली असं थोडंच असतं! सरकारी वकिलाला हरकत घ्यायला तीस दिवस, मग तारीख. तेवढ्यात डनलॅपने डॉक्टरांना कळवलं की मिसेस हचिन्स एकट्या राहतात. जूनमध्ये वर्लीनला शुश्रूषागृहात नेलं. तिथे फिनाइलखालून लघवीचा वास यायचा आणि जेवणाचा ट्रे आईच्या डाव्या बाजूला, न हलणाऱ्या हाताशी ठेवून बाई निघून जायची. रेनीटा रोज जाऊन तो ट्रे उजवीकडे ठेवायची. रोज.

जुलैत जज्जने तीन मिनिटांत हुकूम दिला. सरकारी वकिलाने मान वर करूनही पाहिलं नाही.

हुकूम घेऊन रेनीटा थेट डनलॅपकडे गेली. त्याने संगणकावरून नवा अहवाल काढला. चोरी. फेलनी. तसंच. नोंदी विकणाऱ्या कुठल्याशा कंपनीने ती यादी वर्षांपूर्वीच विकत घेऊन ठेवली होती, आणि पुसलेलं ती अजून विकतच होती.

"कोर्टाने पुसलं असेल," डनलॅप म्हणाला. "माझ्याकडे दिसतंय."

डॅनिकाने कंपनीला पत्र लिहिलं, डनलॅपच्या मालकांना लिहिलं, दुसऱ्या पत्रात कोर्टात दावा कधी ठोकणार ती तारीखच टाकली. ऑगस्ट गेला. सप्टेंबरात डनलॅपने बोलावलं आणि जणू खिशातून देतोय अशा चेहऱ्याने करार पुढे केला. "नशीबवान आहात."

करारासोबत फॉर्म होता. तुम्हाला कधी गुन्ह्यात शिक्षा झाली आहे का? होय, नाही. डॅनिकाने आधीच सांगून ठेवलं होतं, 'नाही' लिहा, कायद्याने आता तेच खरं आहे. रेनीटाने 'नाही'वर खूण केली. डनलॅप ओठांच्या कोपऱ्यातून हसला. सगळं माहीत असलेल्या माणसासमोर बसून खरं लिहितानाही खोटारडं वाटावं, याची तिला इतकी किळस आली की तिने त्याचं पेन परत हातात न देता टेबलावर टाकलं.

त्या दुपारी वर्लीन घरी आली. चार महिन्यांत नऊ किलो उतरली होती. लेकीने सुपाचा वाडगा उजव्या बाजूला ठेवला.

आता तुम्हाला सांगते. तुमच्याही सोसायटीच्या, कंपनीच्या, शाळेच्या फॉर्मवर तो रकाना असेल. तो कुणी घातला, कशाला घातला, बहुधा तुम्हालाही ठाऊक नसेल. येत्या बैठकीत उठून उभे राहा आणि तो रकाना काढायला लावा.