मास्तरांचा रकाना

कारखान्यात तिला सगळे रकानेबाई म्हणत, आणि तेही पाठीमागे नाही, तोंडावर. तिला त्याचा राग नव्हता. नाव योग्य जागी पडल्याचे समाधानच होते.

कारखाना गणवेश शिवण्याचा. परिचारिकांचे, दरवानांचे, बसचालकांचे. वर शिलाई मशीनच्या दोन रांगा आणि कापणीचे लांब टेबल. खाली जिन्यालगतच्या खोलीत रकानेबाई, तिचा संगणक आणि फक्त कागद उडवण्यापुरता चालणारा पंखा. तिथे बसून ती एक्सेलमध्ये फॉर्म बनवी. नुसती कोष्टके नव्हेत. बाण दाबला की यादी उघडायची, भलतेच काही भरले की लाल चौकट येऊन कान उपटायची, आणि सगळे बरोबर असेल तरच 'जतन करा' हे बटण चालायचे. दांड्यांचा फॉर्म, रिळांचा फॉर्म, हरवलेल्या कात्र्यांचा फॉर्म. तिच्या एकाही यादीत 'इतर' नसे. 'इतर' हा आळशी माणसाचा रकाना, असे तिचे मत होते.

घरीही तीच तऱ्हा. नवऱ्याला ती "चहा अर्धा कप की पूर्ण?" असे विचारी. तो बिचारा एकदा "पाऊण" म्हणाला. पाऊण यादीत नव्हता, म्हणून त्याला अर्ध्यावर भागवावे लागले.

एका सोमवारी मालकीणबाईंनी तिच्या टेबलावर चौदा जाडजूड वह्या आणून आदळल्या. कटिंग मास्तरांच्या मापवह्या. तीस वर्षांत ज्याच्या ज्याच्या अंगाला मास्तरांनी टेप लावला, तो तो त्या वह्यांत होता. मास्तर सत्तरीला टेकले होते आणि त्यांचे डोळे दोन वर्षांपासून दगा देत होते. टेपवरचा आकडा वाचायला भिंग लागे.

"शनिवारपर्यंत याचा फॉर्म कर," मालकीणबाई म्हणाल्या. "माप कोणालाही घेता आलं पाहिजे. म्हणजे मास्तर घरी बसून आराम करतील."

मास्तर दारातच उभे होते. त्यांनी ते ऐकले आणि खडूने माखलेले हात पुसत राहिले. घरी त्यांची वाट पाहणारे फक्त एक घड्याळ होते, आणि तेही बंद.

रकानेबाईचे मात्र सुरुवातीला तिकडे लक्षच नव्हते. चौदा वह्या म्हणजे तिला मेजवानीच. उंची, खांदा, छाती, कंबर, बाही असे रकाने तिने तासाभरात पाडले. छाती सव्वीस ते छप्पन्न इंच. त्यापलीकडे गेलात तर लाल चौकट. मग मास्तरांना शेजारी बसवले, त्यांच्या हाती भिंग दिले आणि टायपायला घेतले.

"छाती चाळीस, कंबर अडतीस, सुखी," मास्तर म्हणाले.

"सुखी काय?"

"तसंच लिहिलंय."

"मास्तर, आकडा सांगा. सुखी म्हणजे किती इंच?"

मास्तरांनी दोन दिवस ताकास तूर लागू दिली नाही. बुधवारी संध्याकाळी, बहुधा तिच्या चिकाटीला कंटाळून, ते बोलते झाले. सुखी म्हणजे पोट पुढे आलेला. "पोट लिहिलं आणि गिऱ्हाइकानं वहीत डोकावलं, तर जिवाला लागतं त्याच्या. सुखी वाचून आजवर कोणी भांडायला आलं नाही." विचारी म्हणजे पाठीला बाक आलेला, त्याला मागून अर्धा इंच जास्त. घाईतला म्हणजे एक खांदा उतरलेला, जन्मभर एकाच बाजूला पिशवी अडकवणारा.

"आणि पाहुणा?"

"टेप लावला की श्वास रोखून उभा राहतो तो. त्याला दोन मिनिटं द्यायची. मग घरचा होतो."

असे तेवीस शब्द निघाले. रकानेबाईने हरखून 'ठेवण' नावाचा रकाना पाडला आणि तेवीसही शब्द यादीत बसवले. मग दोन शिवणकाम करणाऱ्या बायकांना आणि दारावरच्या रखवालदाराला उभे करून स्वतःच ठेवण भरून पाहिली. तिन्ही चुकल्या. मास्तरांनी लांबूनच, जवळजवळ न दिसणाऱ्या डोळ्यांनी, तिन्ही बरोबर सांगितल्या. नुसते चालण्याच्या आवाजावरून म्हणे.

म्हणजे हा रकाना 'कोणालाही' भरता येणार नव्हता. उपाय सोपा होता, तो रकाना उडवून टाकायचा. शुक्रवारी दुपारी तिने तो निवडला आणि उडवायच्या बटणावर बोट ठेवले. बोट तिथेच राहिले. हा एवढा उभा पट्टा गेला, की फॉर्म सुरळीत चालणार आणि सोमवारपासून मास्तर त्या बंद घड्याळासमोर बसणार. त्या म्हाताऱ्याचा आपल्याला इतका लळा आहे हे तिला त्या क्षणी कळले, आणि तिला रडूच आले. तिने डोळे पुसले आणि फॉर्ममध्ये वेगळेच काहीतरी लिहीत बसली.

शनिवारी मालकीणबाई खाली आल्या. "माझंच माप घे," म्हणाल्या आणि ताठ उभ्या राहिल्या. रकानेबाईने टेप लावला. कंबर छत्तीस. सगळे भरून मालकीणबाईंनी स्वतः बटण दाबले.

लाल चौकट आली: 'ठेवण भरल्याशिवाय माप जतन होणार नाही. ही नोंद मास्तरांनीच करावी.'

त्यांनी पुन्हा दाबले. पुन्हा तेच.

"ही चौकट काढून टाक."

"नाही काढता येत, बाई," रकानेबाई पडद्याकडे पाहत म्हणाली. "अख्खा फॉर्म बिघडेल."

मास्तरांना बोलावणे गेले. ते आले, टेप लावला आणि मुकाट उभे राहिले.

"झालं ना?"

"दोन मिनिटं."

मालकीण झाली तरी माणूस किती वेळ श्वास धरून ठेवणार? टेप मास्तरांच्या बोटांतून हळूच सरकला. "किती दिसतंय गं, पोरी?"

"साडेसदतीस."

जिन्यावर जमलेल्यांपैकी हसायची कोणाची छाती झाली नाही.

"पाहुणी," मास्तर म्हणाले. "छत्तीसनं शिवलं असतं, तर जेवून उठताना बटण गेलं असतं." रकानेबाईने शब्द निवडला आणि माप जतन झाले.

मालकीणबाईंनी पडद्याकडे पाहिले, मग चौदा वह्यांकडे. "मास्तर, सोमवारी जरा लवकर या," त्या म्हणाल्या. "हिच्या शेजारी तुमची खुर्ची टाकायला सांगते."

त्या वर गेल्यावर मास्तरांनी खाली वाकून भिंगातून ती लाल चौकट शोधायचा प्रयत्न केला. "तो रकाना मीच भरायचा, हे खरंच तुझ्या यंत्रानं ठरवलं?"

"यंत्रच ते," रकानेबाई म्हणाली. "त्याच्याशी कोण वाद घालणार?"

एवढ्या वर्षांत तिने जाणूनबुजून केलेली ही पहिली खोटी नोंद. मास्तरांनी मान हलवली, टेप गुंडाळून खिशात ठेवला आणि ती तशीच जतन करून घेतली.