मांडवात सापडलेला बार

मांडवाचा खांब दिसला की ती फिर्याद मला आजही आठवते.

माझे वडील चिखलीच्या बाजारात पोती वाहायचे. घरात धड सदरा एकच. कॉलेजला जाताना तो मी घालायचो आणि वडील बनियनवर कामाला जायचे. त्या सदऱ्यावर मी घराण्यातला पहिला बी.ए. झालो, पुढे फौजदार झालो. हे सांगतो, कारण या प्रकरणाचा निकाल शेवटी खांद्यावरच्या ओझ्यानंच लागला.

मेहकरच्या बाजूला एका छोट्या ठाण्याचा मी प्रभारी होतो. शुक्रवारी सकाळी गावातल्या फुटबॉल क्लबचे सचिव, एक निवृत्त मास्तर, घामाघूम होऊन आले.

"साहेब, आमचा बार चोरी गेला."

हवालदारानं पेन उचललं. "देशी का विदेशी?"

"सागवानी."

गोलचे दोन खांब आणि वरचा आडवा बार, असा ऐवज गेला होता. गावातली कापसाची जिनिंग गिरणी बंद पडली तेव्हा कामगारांनी तिथल्या तुळया खांद्यावर वाहून आणल्या, मैदानावर दोन गोल उभारले आणि क्लब काढला. कोणत्या लीगमध्ये नाव नाही. कपाटात चषक एकच, तोही बुलढाण्याहून विकत आणलेला. आता नगरपंचायतीनं बजावलं होतं की रविवारी चिखलीच्या संघाशी सामना झाला तरच मैदान क्लबकडे राहील, नाहीतर तिथे आठवडी बाजार भरेल.

आम्ही भंगारवाले तपासले, आरागिरणी पालथी घातली. काही नाही. दुपारी चौकातला चहावाला, आमचा खबऱ्या, कानाशी आला.

"साहेब, खालच्या आळीत उद्या बार उडून राह्यला."

"लग्नाचं मले काऊन सांगतो बे?"

"तुमचाबी बार तिथंच हाय म्हणून."

मास्तरांना घेऊन जाऊन पाहिलं, तर दोन्ही खांब मांडवाच्या दारात, वर बार, त्यावर आंब्याचे डहाळे. एका खांबाला हळदकुंकू लावून त्याची मांडवाची मेढ केलेली. वधूपिता क्लबचाच जुना गोलकीपर निघाला. त्याला बाजूला घेतलं.

"कोणाले विचारून उपटले?"

"चोरले नाही, साहेब. माह्या बापानं हे जिनातून खांद्यावर आणले होते. तो नातीचं लग्न पाहाले राह्यला नाही. म्हटलं, त्याचा खांदा तरी मांडवाले लागू दे. रविवारी सकाळीच परत रोवतो."

मला बनियनवरचे वडील दिसले.

तेवढ्यात त्याची आत्या पुढे आली. "परत कसा रोवतो? मेढ पुजली बाप्पा. पूजा होऊन मांडव परतल्याबिगर हालत नाही. मंगळवारी."

मास्तर खुर्चीत बसले. "मंगळवारी तिथं वांगे विकून राह्यतील."

चोरीला लबाडीचा इरादा लागतो, तो इथे दिसेना. जप्ती करावी तर पंच मेढीला हात लावेनात. पंचनामा लिहायला बसलेल्या हवालदाराच्या हातात तोवर बुंदीची प्लेट आली होती.

"दुसरा गोल हाय ना मैदानावर?" आत्या म्हणाली. "सारी आळी एका विहिरीवर पाणी भरते. पाळी लावा. पहिले ते मारतील, मंग तुम्ही मारा."

चिखलीच्या कप्तानाला फोन केला. तो बराच वेळ हसला आणि तयार झाला.

रविवारी एकाच गोलवर सामना झाला. अर्धा वेळ त्यांचा हल्ला, अर्धा वेळ आमचा. लग्नाचे पाहुणे झाडून आले. एवढी गर्दी क्लबनं जन्मात पाहिली नव्हती. आमच्या बाजूनं गोलमध्ये वधूपिता उभा राहिला. दोन दिवस पाहुण्यांपुढे हात जोडून त्याला सवय लागली होती. पहिल्याच चेंडूला त्यानं नमस्कार केला आणि चेंडू आत गेला. आम्ही सपाटून हरलो, पण सामना झाला.

मी गुन्हा दाखल केला नाही. वस्तू मिळून आली, तक्रार राहिली नाही, अशी स्टेशन डायरीत नोंद घेतली. वस्तू गेली की आपण ती नेली कोणी हे विचारतो. आधी आणली कोणी होती हेही विचारावं, हे मी त्या मांडवात शिकलो.

मंगळवारी मांडव परतला आणि खांबही परतले. एकाची हळद अजून पुरती गेलेली नाही. आठवडी बाजार जुन्याच जागी भरतो. मैदान क्लबकडे आहे.