चोपन्नची फ्रेम

त्याच्या दुकानात सायकल घ्यायला येणाऱ्याला आधी चपला काढून भिंतीला पाठ लावून उभं राहावं लागे. जाड पुठ्ठ्याची वही गिऱ्हाइकानं दोन पायांच्या मध्ये घट्ट वर धरायची आणि यानं जमिनीपासून तिच्या कडेपर्यंत माप घ्यायचं. मग धड, मग हात. एखादा वैतागून म्हणालाच, "दादा, उंची सांगतो ना मी, द्या त्यावरून एखादी," तर हा शांतपणे म्हणे, "उंची दाराच्या चौकटीला लागते. सायकलीला नाही." लोक त्याला मिलिमीटर म्हणत, तेही तोंडावर, आणि त्याला ते मनातून आवडायचं.

अशा माणसानं जाणूनबुजून चुकीच्या मापाची सायकल विकली, हे कुणाला सांगितलं असतं तरी पटलं नसतं. यानं सांगितलं कुणालाच नव्हतं, आणि गेले काही दिवस तेच त्याचा जीव खात होतं.

वर्षापूर्वी मागच्या गल्लीतल्या शिवणवाल्या बाई आल्या होत्या. कोट शिवण्यात त्यांचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं. पंचेचाळिशीत त्यांना रोड बाईकचं, बारीक टायरच्या वेगवान सायकलीचं, वेड लागलं होतं आणि चेहरा शाळेची सहल ठरल्यासारखा फुलला होता. "माप घेणारे तुम्हीही आणि मीही," त्या म्हणाल्या. "तुम्ही सांगाल ती घेते."

बाईंचे पाय लांब आणि धड आखूड. पाय म्हणत होते चोपन्न सेंटीमीटरची फ्रेम, धड म्हणत होतं एक्कावन्नची. अशा वेळी धडाचं ऐकायचं असतं, हे तो झोपेतही सांगू शकला असता. पण एक्कावन्न यायला सहा आठवडे लागणार होते, आणि निळी चोपन्न दीड वर्षं काचेत लटकलेली होती. तिची धूळ पुसून पुसून तो कंटाळला होता. त्यानं सीट पुढे ओढली, हँडलला फ्रेमशी जोडणारा तुकडा काढून त्याजागी आखूड बसवला. बाई बसल्या, दुकानासमोर एक चक्कर मारून आल्या.

"कशी वाटते?" त्यानं विचारलं.

"हात जरा ताणल्यासारखे होतात."

"सवय होईल," तो म्हणाला. हे दोन शब्द त्याला पुढे फार महागात पडले.

सीट पुढे ओढली की हँडल जवळ आल्यासारखं वाटतं, पण अंगाचा भार तळव्यांवर येतो. पाच मिनिटांत ते कळत नाही, शंभर किलोमीटरनंतर कळतं.

मग एका सकाळी चहा ओतता ओतता बायको म्हणाली, "अहो, शिवणवाल्या ताईंनी कोट शिवायला घ्यायचं सोडलं. करंगळीला आणि शेजारच्या बोटाला मुंग्या येतात, सुई धरवत नाही म्हणे. गेल्या महिन्यात सायकलही बंद केली, तरी हात सुधारत नाही."

त्याच्या हातातला कप तसाच राहिला. "काय झालं?" बायकोनं विचारलं. "गरम आहे," तो म्हणाला.

त्यानंतर तो तीनदा मागच्या गल्लीत गेला आणि तीनदा कोपऱ्यावरून परत आला. इकडे दुकानात मापं घेताना कुणी "तुमच्यासारखं कुणी बघत नाही हो" म्हटलं की त्याला तोंड लपवावंसं वाटायचं.

शेवटी बाईच आल्या, सायकल हातानं ढकलत.

"हिला एखादा धडधाकट माणूस बघा," त्या म्हणाल्या. "माझं शरीरच सायकलीचं नाही. उगाच हौस केली या वयात. तुम्ही मात्र किती मन लावून बसवून दिली होती."

खरं तर सुटला होता तो. नुसती मान हलवायची, सायकल ठेवून घ्यायची आणि हात झटकायचे. त्यानं मानही हलवली, आणि मग स्वतःची लाज वाटून म्हणाला, "ताई, शरीर ठीक आहे तुमचं. फ्रेम मोठी आहे."

बाईंना नीट कळलं नसावं. "म्हणजे चुकून..."

"चुकून नाही. मला माहीत होतं."

"कधीपासून?"

"माप घेतलं तेव्हापासूनच."

बाई सायकलीकडे बघत म्हणाल्या, "मी वर्षभर माझ्या हाताला शिव्या घातल्या. डॉक्टरांना म्हणाले, सायकलीचं काही नाही, ती मिलिमीटरकडून घेतलीय."

"एक्कावन्न मागवतो," तो घाईघाईनं म्हणाला. "माझ्याकडून. ही परत घेतो."

"आणि बोटं?"

बोटं बरी होतील असं डॉक्टर म्हणाले होते की नाही, हे विचारायची त्याची हिंमत झाली नाही.

"मागवा," बाई म्हणाल्या. "सायकल मी सोडणार नाही."

तो वही आणायला वळला. तोवर बाईंनी चपला काढल्या होत्या आणि पिशवीतून स्वतःची टेप बाहेर काढली होती. भिंतीला टेकून त्या आपलं माप आपणच घेऊ लागल्या. करंगळी मिटत नव्हती, टेपचं टोक दोनदा निसटलं. त्यानं धरायला हात पुढे केला.

"तुम्ही नका," बाई म्हणाल्या. "मी आकडे सांगते, तुम्ही फक्त लिहून घ्या."

त्यानं पेन्सिल घेतली आणि त्या सांगतील तसं लिहीत गेला.