मागचा उजवा दरवाजा

विसरवाडीच्या नाक्यावर नथ्थू रंगारी ट्रकच्या पत्र्यावर बोटाचं पेर वाजवायचा, कान लावायचा आणि जुन्या रंगाखाली काय आहे ते सांगायचा. इथं गंज, इथं कुणीतरी लांबीचा लगदा भरून खड्डा बुजवलाय, इथं धड पत्रा. ड्रायव्हर हसायचे. मग ब्लोलॅम्पची ज्योत धरली की रंग पापडासारखा फुगायचा, पाठोपाठ पत्ती फिरली की सोलून यायचा, आणि खाली नेमकं तेच निघायचं. मग ड्रायव्हर हसायचे थांबायचे. सुरत-धुळे रस्त्यावरचे लोक त्याच्यासाठी दोन दोन दिवस गाडी उभी ठेवायचे. नथ्थूला याचा गर्व होता, आणि तो लपवण्याच्या भानगडीत तो कधी पडला नाही.

घरात तो एकटाच. बायको वारलेली, एकुलती लेक वत्सला रनाळ्याला दिलेली. सदुसष्ट सालच्या हिवाळ्यात ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, आणि त्याच महिन्यात उमेदमल शेठनी आपली गाडी नथ्थूच्या दारात आणून लावली.

गाडी म्हणजे एक तऱ्हाच होती. मुंबईच्या कुण्या कारखानदाराने हौसेने बनवून घेतलेली, सांगाडा लोखंडाचा आणि अंग सगळं प्लास्टिकचं. गावाने तिचं नाव ‘प्लास्टिकची गाडी’ असंच पाडलं. शेठचा मुलगा पुखराज याच्या लग्नाआधी तिचा हिरवा रंग काढून कुंकवासारखी लाल करायची होती.

"नथ्थू, हाई प्लास्टिक शे, पत्रा नही," शेठ म्हणाले. "आग दाखाडू नको."

"शेठ, मन्हा हातले कळस," नथ्थू म्हणाला.

आणि खरंच, त्याने आग लावली नाही. अकरा दिवस तो पाणी मारून पॉलिश पेपरने घासत बसला. रंगाचे थर तरी किती, हिरव्याखाली निळा, निळ्याखाली पांढरा. हाताची सालटी गेली. दारावरून जाणारा माणूस विचारायचा, "नथ्थूभाऊ, गाडी धुई ऱ्हायना का?" त्याने नथ्थूचं डोकं आणखी तापायचं.

बाराव्या दिवशी मागच्या उजव्या दरवाजापाशी तो अडला. दरवाजा ज्या खांबाला बिजागऱ्यांनी लटकतो, तिथे रंग बोटभर जाड साचला होता. पेपर चालेना, पत्ती घसरायला लागली. लग्न चार दिवसांवर. नथ्थूने सवयीने पेर वाजवलं. टण्ण. लोखंड. पुन्हा वाजवलं, पुन्हा टण्ण. खांब लोखंडाचा आहे, असं त्याच्या कानाने सांगितलं, आणि वीस वर्षांत त्या कानाने त्याला कधी फसवलं नव्हतं. त्याने ब्लोलॅम्प पेटवला.

रंग फुगला, आणि त्याच्यासोबत एक वास आला. असला उग्र, घशाला चिकटणारा वास त्याने कधी घेतला नव्हता. त्याने ज्योत झटकन बाजूला केली. लोखंड होतं खरं, पण बिजागरीची पट्टी तेवढी आतून बसवलेली. तिच्यावर दोन बोटं जाडीचं प्लास्टिकच होतं, आणि पट्टीचे स्क्रू त्यातच धरलेले होते. ते आता जळून मऊ पडलं होतं. आतल्या काचेच्या धाग्यांचं कापड पांढरं पिंजलेलं दिसत होतं. नखाने दाबलं तर नख आत गेलं.

शेठना सांगायला तो उठला. चपला घातल्या. मग अंगणात थांबला. ज्याला पत्र्याच्या पोटातलं ऐकू येतं त्या नथ्थूने आंधळ्यासारखी आग लावली, हे नाका ऐकणार होता. त्याने चपला काढल्या, लांबी कालवली, भगदाड भरलं, घासलं आणि वर लाल रंगाचे तीन हात दिले.

लग्नात गाडी आरशासारखी चमकली. शेठनी नथ्थूच्या डोक्याला सगळ्यांसमोर फेटा बांधला. नथ्थूची नजर दरवाजावर होती. आठ दिवसांनी बिजागरीभोवती केसाएवढी चीर पडली. पंधरा दिवसांनी ती वीतभर झाली. गाडी रोज नाक्यावरून जायची, आणि रोज तो ठरवायचा की उद्या सांगू.

मग वत्सला अडली. पहाटेपासून कळा, आणि सकाळी फुलवंताबाई सुईण बाहेर येऊन म्हणाली, "मन्हा हातनं काम नही ऱ्हायनं. धुळाले लई जा." अर्ध्या तासात शेठची गाडी दारात उभी राहिली. आत शेठच्या बायको तीजाबाई येऊन बसल्या होत्या, कुणी बोलावलं नसताना.

"चाल, बठ," त्या म्हणाल्या. "तुन्ही लेक, ती मन्ही बी आंडेर."

तीजाबाई डावीकडे, त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून वत्सला, आणि मागच्या उजव्या दरवाजाला नथ्थू. कोंडाईबारीचा घाट लागला तसं त्याने आतला दांडा दोन्ही हातांनी धरला. वळण आलं की दरवाजा कुरकुरायचा. लाल रंगाचे कपचे त्याच्या मांडीवर पडत होते. लेक शेजारी कण्हत होती, आणि तो देवाचं नाव घ्यायचं सोडून त्या बिजागरीकडे बघत होता.

"नथ्थूभाऊ, दरवाजा काबरं धरी ऱ्हायना?" ड्रायव्हर दलसिंग आरशातून म्हणाला. "तो काय पळी जाई?"

तेव्हा सांगता आलं असतं. नथ्थू कसंनुसं हसला.

दुपारी अडीच वाजता धुळ्याच्या दवाखान्यात आतून बाळाचं रडणं ऐकू आलं. मुलगी झाली, दोघी ठीक आहेत, असं नर्सने सांगितलं आणि नथ्थू बाकावर बसून ओक्साबोक्शी रडला. तळहाताला दांड्याचे वळ उठले होते. ते बघता बघता त्याला आठवण झाली, आणि तो धावत बाहेर आला.

गाडी फाटकातून निघाली होती. येताना डावीकडे बसलेल्या तीजाबाई, परतीच्या वाटेवर तिकडून ऊन येणार म्हणून उजवीकडे सरकल्या होत्या. सकाळपासूनच्या दगदगीने थकून त्यांनी दरवाजालाच अंग टेकलं होतं.

नथ्थूने दोन्ही हात वर केले. ओरडायला गेला, तर रडून रडून बसलेल्या घशातून आवाज फुटेना. तीजाबाईंना वाटलं, बापडा आभार मानतोय. त्यांनीही काचेआडून हसून त्याला हात जोडले.

तो रस्त्यापर्यंत पळाला. धुरळा खाली बसला तेव्हा त्याने पहारेकऱ्याला विसरवाडीची एसटी विचारली. साडेचारला होती. घाट दोन तासांवर होता, आणि दरवाजा धरायला आता तिथे कुणी नव्हतं.