बंद दाराआडचं जेवण

"मांजरसुद्धा हिच्यासारखीच मिळाली बघा. खात नाही, बोलत नाही, नुसती टकामका बघत बसते."

काकू स्वयंपाकघरात पोळ्या लाटता लाटता काकांना सांगत होत्या. मी गराजमधून आत येणाऱ्या दारापाशी बुटांवरचा बर्फ झटकत होते. काका म्हणाले, "बोलत नाही हे एका अर्थी बरंच आहे," आणि बहुधा त्यांना लाटणं दाखवलं गेलं असावं, कारण लगेच दोघं हसले. मी जरा थांबले आणि मग दार मुद्दाम आवाज करत लावलं, आत्ताच येतेय असं वाटावं म्हणून.

ओहायोतल्या डब्लिनला मी त्यांच्याकडे राहत होते. काकू म्हणजे माझ्या आईच्या मैत्रिणीची बहीण. म्हणजे नातं काहीच नाही, पण एवढ्या लांब तेवढं पुष्कळ होतं. मी युनिव्हर्सिटीत केमिस्ट्रीचं मास्टर्स करत होते आणि काका ऑफिसला जाताना मला सोडायचे. त्यांची दोन्ही मुलं कॉलेजसाठी दुसऱ्या राज्यांत गेली होती. घरात ज्याला जेवायला वाढावं असं कुणी उरलं नव्हतं, ती काकूंची अडचण माझ्या येण्याने सुटली.

काकूंचा आग्रह म्हणजे काय ते जेवल्याशिवाय कळायचं नाही. डाव हातात घेऊन त्या माझ्या खुर्चीशेजारी उभ्या राहायच्या आणि पहिला घास तोंडात गेला रे गेला की विचारायच्या, "कसं झालंय?" मी मान हलवेपर्यंत पानात आणखी वाढून झालेलं असायचं. मला मात्र कुणी बघत असलं की घास उतरत नाही. शाळेतही मी डब्याचं झाकण उभं धरून त्याच्या आड जेवायचे. शाळेत मराठी बोललं की दंड व्हायचा आणि घरी इंग्रजी बोललं की टोमणे बसायचे, त्यामुळे गप्प बसायचा सराव मात्र उत्तम होता. काकूंना मी कधी काही सांगितलं नाही. त्या समजून चालल्या की मुलीला भूकच कमी आहे.

मांजर ही त्या घरात मी मागितलेली पहिली गोष्ट. आमच्या डिपार्टमेंटची सेक्रेटरी गावाबाहेरच्या प्राण्यांच्या शेल्टरमध्ये शनिवारी मदतीला जायची. तिथे एक राखाडी मांजर होती. तिची मालकीण, एकटी राहणारी म्हातारी बाई, वृद्धाश्रमात गेली होती. मोठ्या वयाची मांजर कुणी नेत नाही, असं सेक्रेटरी म्हणाली. एकदा तिच्याबरोबर जाऊन मी ती मांजर बघितली. पिंजऱ्याच्या अगदी मागच्या कोपऱ्यात, भिंतीला पाठ लावून ती बसली होती. मला ती फार आवडली. कसं विचारायचं, हे आठवडाभर मनाशी घोळवून शेवटी गाडीत मी काकांना विचारलं, कारण गाडीत समोर बघत बोलता येतं.

काकूंनी हो म्हटलं, पण अटी घातल्या. "माझ्या ओट्यावर मासळी येणार नाही. तिच्या मासळीचे बंद डबे गराजमध्ये राहतील, तिथेच उघडायचे. आणि एक सांगून ठेवते, माझ्या घरात उपाशी जीव राहिलेला मला बघवत नाही."

मांजर आली ती थेट लाँड्री रूममधल्या ड्रायरच्या मागे जाऊन बसली. तिचं खाणंही तिथेच ठेवायचं ठरलं होतं, कारण ती खोली स्वयंपाकघरापासून लांब. मी गराजमधून डबा आणून वाटीत काढला. तिने वाटीकडे ढुंकूनही बघितलं नाही.

"असं रुक्ष कोण खाईल?" म्हणून काकूंनी त्यावर साजूक तूप सोडलं. त्यालाही तिने तोंड लावलं नाही. मग एका स्टीलच्या ताटात, पाहुण्याला वाढतात तसं, दूधभात, दह्याची वाटी, कुस्करलेली पोळी आणि मध्ये ती मासळी, असं सगळं मांडून त्या ड्रायरसमोर मांडी घालून बसल्या. "खा गं बाई. एक घास. माझ्यासाठी." मग काका आले. "काऊचा घास, चिऊचा घास," म्हणत त्यांनी ताट पुढे सरकवलं. स्टील फरशीवर करकरलं आणि मांजर आणखी आत सरकली. तिने चाटलं ते थोडं दूध, आणि त्याने तिचं पोट बिघडलं.

"दूध सोसत नाही ती कसली मांजर?" काकू म्हणाल्या. त्या चिडल्या नव्हत्या, घाबरल्या होत्या. त्यांच्या घरून आजवर कुणी न जेवता गेलेलं नव्हतं.

मी तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी दात बघितले, पोट चाचपलं आणि रोग काही नाही म्हणाले. मात्र मांजराने फार काळ काहीच खाल्लं नाही तर त्याचं लिव्हर बिघडतं, तेव्हा वाट बघत बसू नका, नाहीतर नळीने भरवावं लागेल, असंही त्यांनी सांगितलं. घरी येऊन मी ते काकूंना जसंच्या तसं सांगितलं. त्यांचे डोळे भरून आले.

"सोमवारी सकाळी हे ऑफिसला जाताना तिला परत सोडतील. तिथे निदान तिच्या ओळखीचे वास असतील. इथे माझ्या डोळ्यांसमोर झुरून गेली, तर मला सहन नाही व्हायचं गं."

ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून मांजर आली होती, ते काकांनी दारापाशी आणून ठेवलं. मला म्हणायचं होतं, नका नेऊ. मी जिन्याने वर गेले.

त्या संध्याकाळी आम्ही तिघंही पुन्हा लाँड्री रूममध्ये जमलो. एव्हाना ती ड्रायरमागून अर्धी बाहेर आली होती. तिने मान खाली घातली, नाक वाटीच्या अगदी वर आलं. काकूंनी श्वास रोखला. मी मात्र तिच्या कानांकडे बघत होते. तोंड वाटीकडे होतं, पण कान वळून आमच्याकडे लागले होते. काकू पुटपुटल्या, "हं, घे, घे," आणि तिने मान वर उचलली.

ते कान मी ओळखले. डाव हातात घेऊन काकू शेजारी उभ्या असतात तेव्हा माझे कान तसेच मागे लागलेले असतात. तिला भूक होती. तिला प्रेक्षक नको होते.

एकदा हे कळल्यावर बाकीचंही दिसायला लागलं. डबे गराजमधले, बाहेर बर्फ, म्हणजे खाणं थंडगार. आम्ही निघताना डॉक्टर म्हणाले होते की मांजराला वास आला नाही तर ते त्याच्या लेखी अन्नच नव्हे. वाटी इतकी अरुंद की तिच्या मिशा दोन्ही बाजूंना घासायच्या. आणि ड्रायर! काकूंनी कपडे टाकले की खोली हादरायची. अशा जागी मलाही कुणी श्रीखंड वाढलं असतं तरी गेलं नसतं.

शनिवारी काकू हळदीकुंकवाचं सामान आणायला गाडी घेऊन कोलंबसला गेल्या. मी मांजरीला टॉवेलमध्ये गुंडाळून जिना चढायला लागले. काका पेपर वाचत होते. एका हातात मांजर, दुसऱ्या हातात मासळीचा डबा, अशी मी त्यांच्यासमोरून गेले.

"मी काही बघितलं नाही," काका पेपराआडून म्हणाले.

माझ्या बाथरूममध्ये बेसिनमध्ये कढत पाणी सोडून त्यात मी डबा ठेवला. थोड्या वेळाने असा वास सुटला की काकू असत्या तर दोघींनाही घराबाहेर काढलं असतं. एका पसरट बशीत थोडंसंच घातलं, माझ्या टेबलाखाली, कोपऱ्यात ठेवलं आणि मांजरीला पलंगावर सोडलं. "खा" म्हटलं नाही. काहीच म्हटलं नाही. बाहेर येऊन दार लावलं आणि त्याला पाठ टेकून बसले.

बराच वेळ काही नाही. मग पलंगावरून कुणीतरी उतरल्याचा हलका धप्प आवाज. पुन्हा शांतता. आणि मग तो आवाज आला, ओला, चपचप, घाईघाईचा. बशी भिंतीला लागून किणकिणायला लागली, इतक्या जोरात ती चाटत होती. मी दोन्ही मुठी आवळून बसले होते आणि हसत होते. मोठ्याने ओरडावंसं वाटत होतं, पण ओरडले असते तर तिने खाणं सोडलं असतं.

काका जिन्याखाली येऊन उभे राहिले आणि त्यांनी भुवया उंचावल्या. मी मान डोलावली. त्यांनी पेपर हवेत फिरवला, विकेट पडल्यावर फिरवतात तसा.

परत आल्यावर काकूंना मात्र ते पटेना. "बशी रिकामी आहे म्हणजे तिनेच खाल्लं कशावरून? माया लागली की माणूस काहीही सांगतं. मुलांनी दूध प्यायलं म्हणून मी सासूबाईंना किती वेळा सांगितलंय, आणि दूध मोरीत! मी डोळ्यांनी बघितल्याशिवाय नाही मानायची." आणि संध्याकाळच्या खाण्याच्या वेळी त्यांनी दार उघडून आत डोकावलंच. मांजर बशी सोडून पलंगाखाली. "बघ! कुठे खातेय?"

खोकं खाली दारापाशीच राहिलं.

रविवारी दुपारी हळदीकुंकू होतं. काकू जरीची साडी नेसून, हातभर बांगड्या घालून तयार होत्या. मी बशी भरून ठेवली, दार लावलं आणि खाली गेले. त्यांना काय सांगायचं ते मनात होतं, पण तोंडापर्यंत आलं नाही, म्हणून मी त्यांचा हात धरला आणि जिन्याकडे ओढलं. "अगं, काय झालं?" मी ओठांवर बोट ठेवलं. काकूंना गप्प करण्याची माझी ती पहिलीच वेळ. त्या इतक्या चकित झाल्या की खरंच गप्प झाल्या.

दारापाशी आल्यावर मी कान लावून दाखवला. काकूंनी दोन्ही हातांतल्या बांगड्या कोपराकडे सरकवून घट्ट दाबून धरल्या, वाजू नयेत म्हणून, आणि वाकून दाराला कान लावला. आत चपचप सुरू होती. मी काकूंच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. आधी कपाळावर आठी होती, मग ती गेली, मग त्यांचे ओठ हलायला लागले, जणू त्याच तिच्याबरोबर घास घेत होत्या.

"खातेय गं," त्या नुसत्या श्वासाने म्हणाल्या. "चांगली मिटक्या मारत खातेय."

खाली घंटा वाजली. काकू जवळजवळ पळतच उतरल्या. बायका कोट काढायच्या आधीच त्यांनी काकांना ओरडून बातमी दिली. "अहो, ऐकलंत का, ते खोकं मोडून टाका! आमची बाई जेवायला लागली!" पुठ्ठा मोडल्याचे आवाज मी जिन्याच्या वरून ऐकले. इतका चांगला आवाज त्या घरात मी त्याआधी ऐकला नव्हता.

पण काकूंचा आनंद एकटीने साजरा करायचा नव्हताच कधी. "चला, चला, दाखवते," म्हणत त्या पुन्हा जिना चढायला लागल्या आणि मागून पाच-सहा बायका, साड्या, पायांत जाड मोजे, "अगं बाई, कुठाय?" "कशी दिसते?" असा गलका. एकीच्या हातात तिळाचा लाडूसुद्धा होता, मांजरीसाठी. आत बशी अजून किणकिणत होती.

मी दारासमोर उभी राहिले. काकूंचा हात कडीकडे आला होता. मी हलले नाही.

"अगं, बाजूला हो की," मागून कुणीतरी म्हणालं. "मांजर आहे ना ती? की नवरीमुलगी आहे, तोंड दाखवायची नाही?"

सगळ्या हसल्या. इतक्या जणी माझ्याकडे बघत होत्या आणि माझा आवाज, मलाच नवल वाटलं, अगदी सरळ निघाला.

"काकू, आत कुणीही जायचं नाही," मी म्हणाले. "तुम्हीसुद्धा नाही. ती जेवतेय."